विस्फार

'अ‍ॅन्युरिझम' या शब्दासाठी 'धमनीविस्फार' असा प्रतिशब्द आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही रुंदावणे, फैलावणे एवढाच. प्रतिशब्द अचूक आहे. पण त्याच्या शेजारीच 'विस्फोट' उभा आहे आणि कानाला या दोहोंतले अंतर फार थोडे. चार वर्षांपूर्वी चक्कर येते म्हणून केलेल्या एम.आर.आय. तपासणीत माझ्या मेंदूतील एका धमनीवर चार मिलिमीटरचा फुगवटा आढळला. चक्कर येण्याशी त्याचा संबंध नव्हता. ती कानाची होती, पंधरवड्यात थांबली. न्यूरोसर्जन म्हणाले, 'आत्ता काही करायचे नाही. लक्ष ठेवू.' हे क्रियापद त्यांनी प्रथमपुरुषी अनेकवचनात वापरले खरे. पण त्यांनी वर्षातून एकदा लक्ष ठेवायचे होते आणि मी अहोरात्र.

त्यांचा सल्ला योग्यच होता. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते. थॉमस विलिसने 1664 साली त्याचे वर्णन केले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जाते. हे फुगवटे बहुधा या कड्यावर आणि त्याच्या लगतच्या फाट्यांवर येतात. शंभर प्रौढांत सुमारे तिघांच्या डोक्यात असा फुगवटा असतो; बहुतेकांना तो कधीच कळत नाही आणि ते अन्य कारणांनी मरतात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जपानी अभ्यासात असे फुगवटे फुटण्याचे प्रमाण वर्षाला शंभरात एकाहून किंचित कमी आढळले. तीन-चार मिलिमीटरच्या फुगवट्यांत ते याहून बरेच कमी, सुमारे पावणेतीनशेत एक. फुटला तर मात्र मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व येण्याची शक्यता मोठी. वॉल्टर डँडीने 1937 साली फुगवट्याच्या मानेवर चिमटा बसवला. पुढे 1990च्या सुमारास रक्तवाहिनीतून तार नेऊन आतल्या आत वेटोळे भरण्याची रीत आली. पण या उपायांनाही धोका आहेच आणि लहान फुगवट्याच्या बाबतीत तो धोका कधीकधी रोगापेक्षा मोठा ठरतो. हे सारे मला समजले, पटले. त्या रात्री मात्र झोप आली नाही, आणि नंतरच्याही अनेक रात्री.

परीक्षिताची गोष्ट मी विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितली आहे. सात दिवसांनी तक्षक दंश करणार हे त्याला ठाऊक होते. मला आता वाटते, त्याच्या शांत श्रवणात त्या सात दिवसांच्या निश्चितीचा वाटा मोठा असावा. ज्याला मुदत आहे तो निरवानिरव करू शकतो. ज्याला 'बहुधा नाही' असे सांगितले आहे, त्याने नेमके काय आवरायचे? तक्षक येईलच असे नाही, आणि येणार नाही असेही नाही.

'डोक्यात टाइमबॉम्ब' ही उपमा मला भेटीला आलेल्या अनेकांनी सहानुभूतीने ऐकवली. सुसान सोंटॅगचे 'इलनेस ॲज मेटॅफर' हे 1978चे पुस्तक मी वर्गात शिकवलेले. तरी उपमा किती खोल रुतते ते तेव्हा कळले. शिवाय ही उपमा सदोष आहे. टाइमबॉम्ब फुटण्यासाठीच बनवलेला असतो आणि त्याची वेळ लावलेली असते. माझ्या फुगवट्याचे दोन्हीही नाही. समीक्षक म्हणून मी तिच्यातला दोष लगेच दाखवू शकलो. रुग्ण म्हणून ती मनातून जाईना. तपासणीच्या अहवालात निव्वळ अभिधा होती. ध्वनी सारा वाचणाऱ्याच्या मनात उमटत होता.

पूर्वी डोके दुखले तर मुद्रिते वाचून दुखते म्हणायचो. आता प्रत्येक दुखण्याची सुनावणी होऊ लागली. रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणले. दिवसातून आठ-दहा वेळा मोजायचो, आणि मोजण्याच्या धास्तीनेच आकडा चढायचा. शिंक आली तरी क्षणभर थांबायचो. पण या सगळ्याहून बोचली ती घरातली शांतता. पस्तीस वर्षे माझ्या प्रत्येक विधानावर आक्षेप घेणारी पत्नी एकाएकी सारे मान्य करू लागली. रागाने रक्तदाब वाढतो, असे तिने कुठेतरी वाचले होते. तिच्या होकारात मला रोज माझा आजार ऐकू येई.

वर्षभराच्या तपासण्यांत झोपेविषयी मला कोणी एका शब्दाने विचारले नाही. छायाचित्रे पाहिली जात, मिलिमीटर मोजले जात. अखेर मानसोपचारतज्ज्ञांकडे मी स्वतःहून गेलो. माझ्या पिढीच्या प्राध्यापकाला तो जिना चढणे सोपे नाही. त्यांनी काही महिने औषध दिले, रक्तदाब सकाळी एकदाच मोजायचा असे ठरवून दिले आणि पत्नीलाही सोबत बोलावले. तिथे ती प्रथमच रडली, आणि नंतर माझ्या हट्टीपणाविषयी सविस्तर बोलली. परतताना रिक्षाच्या भाड्यावरून आमचा कडाक्याचा वाद झाला.

तेव्हापासून झोप बरी आहे, भीती आहेच. फुगवटा आहे तेवढाच आहे. परवा मुलीने विचारले, 'बाबा, मीही तपासून घेऊ का?' कुटुंबात एकालाच हा विकार असेल तर सहसा इतरांची तपासणी करत नाहीत, हे डॉक्टरांचे उत्तर मी तिला सांगितले. त्यावर ती म्हणाली, 'ते झालं डॉक्टरांचं. तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही कळून घेतलं असतंत?' मी अजून तिला उत्तर दिलेले नाही. ती दर रविवारी फोन करते.