आकडा नव्हे, उतार

लहान बाळाचा एएफपीचा नमुना आला की मी आकड्याआधी जन्मतारीख बघते. अल्फा-फीटोप्रोटीन हे गर्भाच्या यकृताचं प्रथिन. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या रक्तात ते दर मिलिलिटरला हजारो नॅनोग्रॅम असतं, सरासरी ४८ हजारांच्या आसपास. मोठ्या माणसात दहाच्या आत. पहिल्या काही आठवड्यांत ते दर पाच-सहा दिवसांनी निम्मं होतं. म्हणून मोठ्यांची मर्यादा छापून शेजारी लाल खूण केलेला रिपोर्ट तान्ह्या बाळाच्या आईबापांच्या हाती पडतो, तेव्हा मला खरोखर राग येतो. त्या खुणेपायी घरादाराची झोप उडते.

बेकविथ-वीडेमान सिंड्रोमच्या मुलांसाठी ही तपासणी सर्वात मोलाची. अकराव्या गुणसूत्रावरच्या काही जनुकांचं नियमन बिघडतं, जीभ किंवा शरीराची एक बाजू मोठी वाढते, आणि यकृतात हेपॅटोब्लास्टोमा होण्याचा धोका वाढतो. ही गाठ एएफपी बनवते. गारी आबेलेव यांनी मॉस्कोत यकृताच्या गाठी असलेल्या उंदरांत हे प्रथिन दाखवलं १९६३ साली. ब्रूस बेकविथ यांनी या विकाराची नोंद केली तीही त्याच वर्षी.

अडचण अशी, की या मुलांत एएफपी मुळातच जास्त असतं आणि सावकाश उतरतं. एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. मी प्रत्येक मुलाचे आकडे लॉग आलेखावर मांडते. रेघ उतरत असेल तर चढा आकडाही चालतो, ती थबकली किंवा वळली तर त्याच दिवशी फोन करते. नमुने एकाच पद्धतीने, एकाच प्रयोगशाळेत तपासलेले हवेत. अगदी लहान बाळाचा नमुना पातळ करून पुन्हा लावावा लागतो, कारण एएफपी अतोनात असलं तर यंत्र फसून कमी आकडा दाखवू शकतं.

२०१८च्या युरोपीय तज्ज्ञगटाने ही नियमित तपासणी सुचवली नाही. अमेरिकेत ती दर तीन महिन्यांनी करतात. वारंवार सुई टोचण्याचा त्रास मला कळतो, तरीही माझा कौल तपासणीकडेच. गाठ लहान असताना सापडली तर ती पूर्ण काढता येण्याची शक्यता खूप वाढते.

“रक्त चांगलं आलंय, मग सोनोग्राफीला नाही आलो तर चालेल का हो डॉक्टर?” असं आया विचारतात. नाही चालणार. याच मुलांना होणारा मूत्रपिंडाचा विल्म्स ट्यूमर एएफपीत दिसत नाही. त्यासाठी पोटावर प्रोब फिरवावाच लागतो, आणि पुढची तारीख मी तिथेच फाइलवर लिहून देते.