वाघाची विष्ठा आणि आमची भाची

आमचं लातूर म्हणजे डॉक्टर-इंजिनियर घडवणारं गाव. तिथं ताईच्या लेकीनं एम.एस्सी. होताच जाहीर केलं, “मी वाघाच्या विष्ठेवर पीएच.डी. करणार!” ताईची तव्यावरची पोळी करपली म्हणे. लगेच मला नांदेडला फोन, “तू शाळेत शिकवतेस ना, मग समजाव तिला.”

समजवायला गेले आणि मीच समजून आले! विष्ठेत आतड्याच्या पेशी असतात. त्यांतल्या डीएनएवरून वाघ कोणता, नर की मादी, कुणाचा कोण, सारं कळतं. जनावराला हात लावायला नको. डिसेंबर २०२४मध्ये टिपेश्वरचा वाघ शेकडो किलोमीटर चालून येडशीच्या अभयारण्यात आला, आठवतं? ही वाट तुटली, की एकाच जंगलात अडकलेल्या वाघांची नात्यातच पैदास होते नि वंश कमजोर पडतो. आपण नाही का सोयरीक जुळवताना गोत्र बघत!

हैदराबादच्या सीसीएमबीत, बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत हे संशोधन चालतं. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली, तर २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतन आहे. मुलींना वयाची ५ वर्षं सवलतही. आकडा ऐकून दाजी जरा सैलावले.

ताईचं मात्र एकच, “पाच वर्षं? मग लग्न कधी?”

माझा एम.ए.चा कोरा फॉर्म अजून ट्रंकेत आहे, ते मी बोलले नाही. भाचीला तेवढं अभ्यासाला नांदेडला घेऊन आले.