खुपणारी खुर्ची

परमुलखात बदलून गेलेला मराठी अधिकारी प्रथम शोध घेतो तो आपल्या माणसांचा. १९९१ साली कटकला आमची बदली झाली तेव्हा आम्हीही तेच केले. आठ दिवसांत चार मराठी कुटुंबे हुडकून काढली, गणपतीची वर्गणी भरली, आणि १७५१ पासून १८०३ पर्यंत कटकावर मराठ्यांचा अंमल होता हे आठवून, जणू वतनावरच परतलो आहोत अशा ऐटीत कचेरीतल्या खुर्चीत जाऊन बसलो. खुर्ची मोठी मऊ होती.

शेतीचे पंप विकणाऱ्या एका उपक्रमाची ती शाखा. शेतकऱ्यांची पत्रे उडियात यावीत आणि हेडक्लार्कबाबूंनी त्यांचा सारांश इंग्रजीत आमच्यापुढे ठेवावा, असा प्रघात होता. बाबू फार सज्जन. साहेबांच्या जिवाला घोर लागू नये म्हणून ते इतके जपत, की कोणतीही तक्रार आमच्यापर्यंत 'किरकोळ' होऊनच येई. ती वाटोळी उडिया अक्षरे शिकावीत असे अधूनमधून मनात येई. पण चाळिशी उलटल्यावर, तेही हाताखालच्या माणसांदेखत, मुळाक्षरे गिरवायची, या कल्पनेनेच अंगावर शहारे येत.

अशात एका मासिक बैठकीत एक तरुण मेकॅनिक उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, नदीकाठचे लोक आपल्या पंपांना विटले आहेत. आपण एकदा येऊन पाहावे." सगळे चपापले. आम्ही विषय बदलला. आणि पंधरा दिवसांत त्याची रवानगी दूरच्या एका गुदामात झाली. हुकमावर कारण लिहिले होते, 'प्रशासकीय सोय'. कोणाची सोय, हे चतुर वाचकांना सांगावयास नको.

पुढल्या हंगामात विकलेले पंप परत येऊ लागले, तेव्हा मात्र उठावेच लागले. महानदीकाठच्या एका खेड्यात आम्ही ओसरीवर बसलो आणि तोडक्यामोडक्या उडियात चौकशी केली. पोरे फिदीफिदी हसली. एका म्हाताऱ्याने मात्र आम्हांला हाताला धरून पाण्यापाशी नेले. नळीच्या तळाच्या झडपेत गाळ अडके. ती पुरती मिटत नसे. रातोरात नळीतले पाणी उतरून जाई. आणि सकाळी बादल्या ओतून पंप भरल्यावाचून तो पाणी उचलीत नसे. म्हाताऱ्याने यावर उपायही काढला होता. नळीचे तोंड त्याने बांबूच्या टोपलीत घालून तळापासून हातभर वर टांगले होते. हे सारे आपण दोनदा पत्राने कळविले होते, असे तो म्हणाला. ती पत्रे आमच्याच कपाटात निघाली.

त्या रात्री आम्हांला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांना लोखंडी नांगर विकावयास निघालेला तो गृहस्थ! नोकरीत बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी मुंबईची मास्तरकी सोडली व बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे तेथला कारखानाही जागेवरून उठवावा लागला, तेव्हा १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी देऊ केलेल्या, निवडुंगाने भरलेल्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. आम्हां नोकरदारांना यातले बिऱ्हाड उचलणे तेवढे ओळखीचे. फरक इतकाच, की आम्ही नव्या गावी जाऊन जुनेच घर मांडतो, आणि माळ पाहावयाचा तो आगगाडीच्या खिडकीतून.

आम्ही उडियाची शिकवणी लावली. शिकविणारे बाबूच, आमच्या उच्चारांनी त्यांना झालेल्या यातना हा त्यांच्या सज्जनपणाचा आम्हांला मिळालेला अखेरचा पुरावा. बांबूच्या टोपलीची हकीकत वरिष्ठांना कळविली. मेकॅनिकला परत बोलाविले. तो आला, काम चोख करू लागला, पण बैठकीत तोंड उघडीना. काही विचारले तर म्हणे, "सर्व ठीक आहे, साहेब." हे शब्द आम्हांला इतके टोचत, की त्यापुढे मुळाक्षरांची शरम काहीच नव्हे.

असे सात महिने गेले. मग एका बैठकीत आम्ही नव्या गुदामाची जागा मोठ्या उत्साहाने नकाशावर दाखवीत असताना मागच्या बाकावरून आवाज आला, "तेथे पावसाळ्यात कमरेइतके पाणी असते, साहेब." आमचे कान तापले. आम्ही हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि त्याला नकाशापाशी बोलाविले.