कॅमेरा नंतर, आधी बॅटरी आणि डबा



आगोटीची कामं सुरू आहेत. कौलं चाळून झाली, वाडीतले चर साफ झाले, सुकी मासळी आणि पापड डब्यात गेले. याच दिवसांत मी दरवर्षी कॅमेऱ्याचं सगळं सामान ओटीवर मांडून तपासतो. इथले वाडीतले फोटो बघून बरेच जण विचारतात, "दादा, कॅमेरा कुठला घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. कुठलाही घ्या, पण जादा बॅटऱ्या, चार्जर आणि ठेवायचा डबा यांचे पैसे आधी बाजूला काढा. उरतील त्यात कॅमेरा बघा. आपल्या किनाऱ्यावर कॅमेरा ऐन वेळी बंद पडतो तो याच तीन गोष्टींपायी.

पहिला प्रश्न येतोच, की मोबाईल असताना कॅमेरा कशाला? बरोबर आहे. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवरच होते, तिथे कॅमेऱ्याचं काही काम नाही. पण आमचं श्रीवर्धनकडचं पीक म्हणजे पोफळ आणि माड. पोफळीचा शेंडा चाळीस-पन्नास फुटांवर. पावसात कोळेरोग लागतो तो वर घोसाला, आणि आपल्याला कळतं ते खाली फळं गळायला लागल्यावर. दरवेळी वर चढणारा माणूस मिळत नाही, ओल्या खोडावर कुणाला चढवूही नये. २५० मिलिमीटरपर्यंतची झूम लेन्स असेल तर खाली उभं राहून घोसाचा स्वच्छ फोटो निघतो. डाग देठाकडून आहे का, वर पांढरी बुरशी आहे का, हे त्यात दिसतं. तो फोटो घेऊन श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रात किंवा रोह्याजवळ किल्ल्याच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलं, की बोलणं नेमकं होतं. "झाड खराब दिसतंय" एवढ्यावर बिचारा शास्त्रज्ञ तरी काय सांगणार?

दुसरं कारण मोठं आहे. ३ जून २०२०. निसर्ग वादळ दुपारी आपल्याच किनाऱ्यावर चढलं. ताशी १०० ते ११० किलोमीटरचा वारा, झोत १२० पर्यंत. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग, कुणी सुटलं नाही. आमची वाडी २२ गुंठ्यांची, त्यात तीनशेच्या आसपास पोफळी. संध्याकाळी बघितलं तर उभ्या किती ते बोटांवर मोजत होतो.

सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली. आता २२ गुंठ्यांचा हिशोब करा, ११,००० रुपये होतात. पोफळ लावल्यावर उत्पन्न सुरू व्हायलाच सहा-सात वर्षं जातात. कोकणातल्या वाड्या गुंठ्यांत, पण झाडं दाट, आणि एकाच जागेत माड, पोफळ, जायफळ, मिरी. म्हणून झाडावर भरपाई द्या, अशी मागणी झाली आणि पुढे नारळ-सुपारीला झाडामागे मदत देण्याचा निर्णयही झाला. झाडावर भरपाई म्हटली की झाडांची मोजणी आली. पण वाट मोकळी करायला, घरावरचं खोड उचलायला लोकांनी पडलेली झाडं आधीच तोडली होती. पंचनाम्याला माणसं येईपर्यंत कित्येक ठिकाणी नुसते बुंधे शिल्लक.

माझा चुलत भाऊ लॉकडाऊनमुळे मुंबईहून गावी आला होता, त्यामुळे त्याचा कॅमेरा गावात होता. आदल्या गणपतीत त्याने हौस म्हणून वाडीच्या रांगा टिपल्या होत्या, तेही फोटो त्याच्याकडे होते. झाड तोडण्याआधी आम्ही प्रत्येक रांगेचा फोटो घेत गेलो. लाईट गेलेली, ती कित्येक गावांत आठवडे आली नाही. मोबाईलचा टॉवर बंद. इन्व्हर्टर दुसऱ्या दिवशी बसला. कॅमेऱ्याची बॅटरी एकच, आणि कुणाकडे जनरेटर लागला की तिथे मोबाईलची ही रांग. आमचं काम झालं, कारण बॅटरी पुरवून पुरवून वापरली. आदल्या वर्षीचा फोटो आणि पडल्यानंतरचा फोटो शेजारी ठेवून दाखवला, तेव्हा रांगेत किती झाडं होती यावर वाद राहिला नाही. पडलेल्या झाडांचे फोटो गावात अनेकांकडे होते, उभ्या झाडांचे फार थोड्यांकडे. म्हणून सांगतो, नोंद ठेवायची तर कॅमेरा वर्षभर तयार हवा, आणि तयार म्हणजे चार्ज झालेला आणि कोरडा.

तो कॅमेरा पुढे माझ्याकडेच राहिला. कॅननचा १५००डी. आता एकेक वस्तू बघू.

बॅटरी. या कॅमेऱ्याची बॅटरी एलपी-ई१०, ७.४ व्होल्ट, ८६० एमएएच. एका चार्जमध्ये साधारण ५०० फोटो असं कंपनी सांगते, ते डोळा लावून भिंगातून बघून काढलेले. मागच्या स्क्रीनवर बघत काढले तर निम्म्याच्या आसपास धरा. लाईट नसेल तेव्हा स्क्रीन बंद ठेवायची, काढलेला फोटो पुन्हा पुन्हा बघायचा मोह टाळायचा.

माझ्याकडे तीन बॅटऱ्या आहेत. प्रत्येकीवर मार्करने १, २, ३ आणि घेतल्याची तारीख लिहिलेली. आळीपाळीने वापरतो, म्हणजे एकच झिजत नाही आणि कुठली लवकर उतरते ते कळतं. जादा बॅटरी शक्यतो कॅमेरा कंपनीची घ्या. दुसरी घेतली तरी आकड्यावर भुलू नका. मूळ बॅटरी ८६० ची असताना त्याच आकाराच्या बॅटरीवर २००० छापलेलं असेल तर समजून जा. आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि त्यासोबत आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा. बॅटरी फुगली, कॅमेऱ्यात जाताना अडकायला लागली, तर जोर करू नका. ती बाजूला काढा आणि ई-कचऱ्यात द्या, चुलीजवळ किंवा उकिरड्यावर नको. टोकांवरचं प्लास्टिकचं झाकण हरवू देऊ नका. खिशात किल्ल्या आणि सुटे पैसे यांच्यासोबत उघडी बॅटरी ठेवली तर शॉर्ट होऊन तापते.

बऱ्याच दिवसांसाठी ठेवायची असेल तर अर्धी चार्ज करून सावलीत ठेवा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवली की लवकर म्हातारी होते. पण जून ते सप्टेंबर हा नियम मी पाळत नाही. त्या दिवसांत निदान दोन बॅटऱ्या भरलेल्या पाहिजेतच. तेवढं आयुष्य कमी झालं तरी चालेल.

बॅटरी ग्रिप. कॅमेऱ्याच्या खाली बसणारी ही मूठ. आत दोन बॅटऱ्या मावतात, आणि उभा फोटो काढायला वेगळं बटण असतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला ती सोयीची, दिवसभर थांबायला वेळ नसतो. आपल्याला? वजन वाढतं, आणि कॅमेऱ्याच्या तळाला आणखी एक फट आणि आणखी धातूच्या पट्ट्या येतात. खाऱ्या दमट हवेत पहिला हिरवट-पांढरा थर याच पट्ट्यांवर चढतो. १५००डी साठी कंपनीची ग्रिपच नाही. बाहेरच्या मिळतात, पण मी घेतली नाही. त्या पैशात दोन बॅटऱ्या झाकणाच्या प्लास्टिक डबीत टाकून कमरेच्या पिशवीत ठेवणं आपल्याला परवडतं.

एक अपवाद मात्र आहे. काही मोठ्या कॅमेऱ्यांच्या ग्रिपमध्ये साधे पेन्सिल सेल चालतात. कॅननच्या ८०डी, ९०डी ची बीजी-ई१४ आणि निकॉनच्या डी७२०० ची एमबी-डी१५, दोन्हींत सहा सेलचा ट्रे बसतो. पंधरा दिवस लाईट नसेल तर पेन्सिल सेल बाजारपेठेत किराणा दुकानातही मिळतात, कॅमेऱ्याची बॅटरी मिळत नाही. असा कॅमेरा जुना घेत असाल आणि सोबत ट्रेसकट ग्रिप मिळत असेल तर जरूर घ्या. काम झालं की सेल काढून ठेवा, आत राहिले की पाझरतात.

चार्जर. कॅमेऱ्यासोबत येतो तो भिंतीत लावायचा. त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे गावच्या कमी दाबावरही चालतो. वीज कडाडायला लागली की तो प्लगमधून काढायचा. लाईट जाऊन आली की लगेच लावायचा नाही, दहा मिनिटं दाब स्थिर होऊ द्यायचा. अर्थात लाईटच नसेल तर याचा उपयोग शून्य. म्हणून दुसरा, यूएसबीवर चालणारा दोन खणांचा चार्जर हवाच. तो पॉवर बँकेवर चालतो, गाडीत चालतो, ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला यूएसबी सॉकेट बसवलं असेल तर त्यावरही चालतो. नव्या बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत बॅटरी आत ठेवूनच यूएसबीने चार्ज होते. घेताना दुकानदाराला हे आधी विचारा. १५००डी मध्ये तसं होत नाही.

पॉवर बँक केवढी घ्यायची त्याचा हिशोब सोपा आहे. १०,००० एमएएचची बँक आतून ३.७ व्होल्टची असते, म्हणजे ३७ वॅट-तास. वाटेत तूट जाऊन सुमारे २५ हाती लागतात. एलपी-ई१० ला लागतात साधारण साडेसहा. म्हणजे चारच्या आत-बाहेर बॅटऱ्या भरतात, दीड-दोन हजार फोटो. वादळाचा इशारा आला की पाण्याची पिंपं भरतो तसं बँक आणि तिन्ही बॅटऱ्या भरून ठेवायच्या. इशाऱ्यानंतर लाईट फार वेळ टिकत नाही.

पिशवी आणि डबा. इथे बहुतेक जण एकच वस्तू दोन कामांना वापरतात. शेतात न्यायची पिशवी वेगळी आणि घरात ठेवायची जागा वेगळी हवी. चामड्याचं केस आपल्याकडे श्रावणापर्यंत हिरवं होतं, ते नकोच. कापडी-फोमची पिशवी नेण्या-आणण्याला चांगली, पण फोम ओल धरून ठेवतो. घरी आलात की कॅमेरा त्यातून बाहेर काढा आणि पिशवी पंख्याखाली टांगा. वाडीत चालत असताना पाऊस आला तर जाड प्लास्टिकच्या पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडून रबर बँडने बसवा. आजोबांचं इरलं आठवा, डोकं-पाठ झाकलेली आणि हात मोकळे. तेच काम. होडीने किंवा खाजणातून जाणाऱ्यांनी मात्र रबरी कडेचं कडक केस घ्यावं. त्यावर आयपी६७ लिहिलं असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी झालेली असते.

घरात ठेवायला महागडं कपाट लागत नाही. विजेवर चालणारं सुकं कपाट चांगलं असतं, पण लाईट गेली की तेही थांबतं. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा, रबरी कडा असलेला मोठा प्लास्टिक डबा घ्या. तळाला दीड-दोनशे ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, वर एक छोटं आर्द्रता मापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. ६० च्या वर बरेच दिवस राहिला की लेन्समध्ये बुरशीचं जाळं धरतं, आणि ते काढायचा खर्च लेन्सच्या किमतीपर्यंत जाऊ शकतो. ३० च्या खाली फार दिवस नको, रबर कडक होतं. सिलिका नारिंगी रंगाची घ्या. निळीत कोबाल्टचं क्षार असतं, घरात लहान मुलं असतात. रंग बदलला की जुन्या, स्वयंपाकाला न वापरायच्या तव्यावर मंद आचेवर परतून, गार करून पुन्हा भरायची. तांदळात कॅमेरा ठेवू नका, पीठ आत जातं. पापडाचा डबा घरातली बाई कसा वापरते ते बघा. कोरडा हात, पटकन उघडायचा, पटकन बंद. कॅमेऱ्याचा डबाही तसाच वापरायचा.

बॅटरीच्या आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्या महिन्यातून एकदा कोरड्या सुती फडक्याने पुसा. समुद्राकडून वारा असेल त्या दिवशी घरी आल्यावर लगेच बाहेरून किंचित ओलसर, मग कोरड्या फडक्याने.

शेवटची गोष्ट, तारीख. कॅमेरा महिनोन्महिने बॅटरीशिवाय पडून राहिला की आतलं घड्याळ पुसलं जातं आणि फोटोवर भलतीच तारीख पडते. नुकसानीच्या फोटोला तारीख चुकली तर त्याचं वजन निम्मं. म्हणून महिन्यातून एकदा भरलेली बॅटरी घालून कॅमेरा चालू करायचा, तारीख-वेळ बघायची, आणि त्याच वेळी वाडीच्या रांगांचे फोटो काढून टाकायचे. एका कामात दोन होतात.

आता यंदाची आगोटीची यादी: तीन बॅटऱ्या भरलेल्या, पॉवर बँक भरलेली, यूएसबी चार्जर चालवून बघितलेला, सिलिका परतलेली, तारीख तपासलेली. आणि प्रत्येक रांगेच्या दोन्ही टोकांवरून एकेक फोटो, झाडं मोजता येतील असा.

वादळानंतर लावलेल्या आमच्या पोफळींना आता खोडावर कडी दिसायला लागली आहेत. त्यांचे फोटो पुढच्या आठवड्यात टाकतो. तुमच्याकडे लाईटशिवाय चार्जिंगची आणखी काही जुगाड व्यवस्था असेल तर खाली लिहा, सगळ्यांच्याच उपयोगी पडेल.