अंतरगंगेचे धोंडे

बंगळूरच्या महादेवपुऱ्यातल्या माणसाने डोंगरासाठी नंदी हिल्सच्या गर्दीतच का जावं? जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेला निघालं की कोलारजवळ अंतरगंगे आहे. पायऱ्या चढून देवळापाशी गेलं की दगडी नंदीच्या मुखातून झरा वाहतो. खरी वाट त्याच्या वर.

बंगळूर 1638 नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, कोलारही. त्यामुळे हा मुलूख मला कधी परका वाटलाच नाही. दगड मात्र वेगळा. सह्याद्रीचा बेसॉल्ट, तिथे घसाऱ्याची भीती. इथला ग्रॅनाइट गोल, गुळगुळीत. कोरडा असला की रबरी तळवा घट्ट धरतो, ओला असला की भरवसा नाही.

म्हणून नवख्यांना मी आधी बूट सांगते. ते संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय जरा फुगलेले असतात. जाड मोजे घालून उतारावर उभं राहावं. बोटं पुढे टेकली तर तो जोड नको, उतरताना नखं काळीनिळी होतात. बाकी पाणी दोन लिटर तरी, टोपी, चिक्की, मीठ-साखरेची पुडी. आणि कपाळाला बांधायची बॅटरी. इथल्या गुहा म्हणजे कलंडलेल्या धोंड्यांमधल्या फटी, आत दोन्ही हात मोकळे लागतात. खाऊ सॅकच्या तळाशी, माकडं फार धीट आहेत.

रविवारी ऑफिसातली नवी मुलगी येतेय. पहाटेच कृष्णराजपुरम स्टेशनपाशी ये म्हटलंय. ऊन तापायच्या आत खाली उतरायचंय.