उघडं दार म्हणजे परवानगी नव्हे

परवा शेजारच्या काकूंकडे नवीन वायफाय बसवलं. केबलवाल्याच्या मुलाने पासवर्ड विचारला, तर काकू म्हणाल्या, "नको रे पासवर्डबिसवर्ड. माझ्याकडे काय आहे चोरण्यासारखं? सोसायटीतली पोरं वापरतील, तेवढंच पुण्य!"

मी हसलो. पण खरं सांगायचं तर काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणायचो.

मग काकूंना गूगलच्या गाडीची गोष्ट सांगितली. स्ट्रीट व्ह्यूसाठी गूगलच्या गाड्या देशोदेशीच्या रस्त्यांवर फोटो काढत फिरायच्या. फोटो काढता काढता आजूबाजूच्या घरांतल्या वायफायचीही नोंद घ्यायच्या. जर्मनीतल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, नक्की काय गोळा करताय? एप्रिल २०१० मध्ये उत्तर आलं, फक्त नेटवर्कचं नाव आणि राउटरचा क्रमांक. हॅम्बुर्गचे लोक म्हणाले, दाखवा. मे महिन्यात कंपनीने कबूल केलं, की बिनपासवर्डच्या वायफायवरून जाणारा मजकूरही गाडीत साठत होता. तोही तीसहून जास्त देशांत! ऑक्टोबरमध्ये आणखी कबुली: काही ठिकाणी अख्खे ईमेल आणि पासवर्डसुद्धा. आधी म्हणे चूक झाली. पण अमेरिकी चौकशीत निघालं, की तो कोड एका इंजिनिअरने मुद्दाम लिहिला होता आणि सहकाऱ्यांना तसं सांगितलंही होतं.

आणि दंड? अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१२ मध्ये फक्त २५ हजार डॉलर लावले. तेही चौकशीत अडथळा आणल्याबद्दल. मजकूर उचलल्याबद्दल नाही, कारण नेटवर्क उघडं होतं ना!

मला खटकतं ते इथेच. आपल्या चाळींत, वाड्यांत दारं दिवसभर उघडी असायची. म्हणून कुणी आत शिरून ट्रंकेतली पत्रं वाचायचं का? उघडं दार हा विश्वास असतो, परवानगी नसते.

आता बहुतेक वेबसाइट मजकूर कुलूपबंद करूनच पाठवतात, त्यामुळे धोका तेव्हाइतका नाही. पण माहिती गोळा करणारे कितीतरी वाढलेत. २०२२ पासून स्ट्रीट व्ह्यू आपल्या मुंबई, पुणे, नाशकातही आलंय. फोटो भारतीय कंपन्या काढतात. त्या वायफाय उचलतात असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की हॅम्बुर्गमध्ये कुणीतरी "दाखवा" म्हणालं म्हणून हे जगाला कळलं. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण नुसत्या कायद्याने भागत नाही, विचारणारा लागतो. तो आपणच व्हायला हवं.

काकू ऐकून थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "लेकाशी बोलते, पेन्शन बघते, सगळं यावरूनच जातं की रे." आणि मुलाला परत बोलावलं.

पासवर्ड काय ठेवला ते मला सांगितलं नाही. बरं वाटलं.

तुमच्या घरचं वायफाय आज रात्री एकदा बघाच.