स्कॉटलंड स्ट्रीटवरचे चरक

ग्लासगोची भुयारी रेल्वे गोल फिरते. उलट दिशेच्या गाडीत बसलात तरी पोहोचताच, जरा उशिरा. शील्ड्स रोड स्टेशनातून वर आलं की समोरच चार्ल्स रेनी मॅकिंटॉशची शाळा दिसते: तांबूस दगड, काचेच्या जिन्यांचे दोन उंच मनोरे. पर्यटक तिचे फोटो काढतात आणि परत भुयारात शिरतात. मी मात्र रस्त्यासाठी आले होते. हा स्कॉटलंड स्ट्रीट. एकोणिसाव्या शतकात वेस्ट इंडीज, मॉरिशस, जावा, ब्राझील इथल्या मळ्यांवर ऊस पिळणारी कितीतरी यंत्रं याच भागात घडली.

आता इथे मोटारींचा घोंघाट तेवढा आहे. मोटरवेनं वस्तीच उठवली. मुलं उरली नाहीत म्हणून 1979मध्ये शाळाही बंद पडली. 1906 साली ती बांधून झाली तेव्हा तिच्या बाकांवर आसपासच्या कारखान्यांतल्या कामगारांची मुलं बसत असत.

पीटर आणि विल्यम मॅकोनी या भावांनी 1840मध्ये ग्लासगोत अशाच यंत्रांचा धंदा सुरू केला. या सालाकडे नीट पाहायला हवं. 1833च्या कायद्यानं ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवली आणि भरपाई म्हणून दोन कोटी पौंड दिले, तेही मालकांना. गुलामांच्या हाती छदामही पडला नाही. आता मजुरी मोजावी लागणार म्हटल्यावर मळेवाले यंत्रांकडे वळले, आणि काहींच्या खिशात त्यासाठी भरपाईचे पैसेही होते. अशा वेळी क्लाइड नदीकाठी लोखंड होतं, कोळसा होता, बंदर होतं आणि जमेकाशी जुनी ओळख होती. शहराच्या मध्यावरून नदीकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव आजही जमेका स्ट्रीटच आहे.

1848मध्ये जेम्स ब्यूकॅनन मिर्लीस भागीदार झाला. पुढे विल्यमनं अँड्र्यू या भावाबरोबर वेगळी चूल मांडली. मूळ कंपनीच्या नावात भागीदारांची ये-जा चालू राहिली. मिर्लीस, वॉटसन ही नावं टिकली.

आपल्या गुऱ्हाळातला चरक डोळ्यांसमोर आणा. बैलांच्या जागी वाफेचं बीम इंजिन, त्याला जोडलेले तीन आडवे जाडजूड रोलर, आणि बॉयलरला जळण म्हणून त्याच उसाची चिपाडं. उघड्या काहिलीची जागा व्हॅक्यूम पॅननं घेतली. बंद भांड्यातली हवा काढून घेतली की रस कमी आचेवर उकळतो, करपत नाही. न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिल्यू या मिश्रवंशीय अभियंत्यानं 1843मध्ये पेटंट घेतलेली युक्ती तर फारच हुशारीची: पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला. इंधन वाचतं.

पण शेतातली तोडणी कोयत्यानंच चालू राहिली. गिरणी मोठी झाली की तिला ऊसही जास्त लागायचा, आणि तो तोडायला माणसंही. ती भारतातून करार करून नेली. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडचे लोक होते. त्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात. यंत्रामुळे माणसाचे कष्ट कमी होतात, हे वाक्य या रस्त्यावर तरी मला पटेना.

विल्यम मॅकोनी 1883 ते 1886 ग्लासगोचा लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे महापौर होता. जॉर्ज स्क्वेअरमधलं महापालिकेचं संगमरवरी वैभव त्याच काळात उभं राहत होतं. मिर्लीसचं घर होतं नदीपलीकडे, वेस्ट एंडच्या टुमदार भागात. तिथे मिर्लीस ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे. धूर दक्षिणेला, बंगला उत्तरेला!

1897मध्ये मिर्लीसच्या कंपनीनं रुडॉल्फ डीझेलकडून त्याच्या इंजिनाचा परवाना घेतला. त्याचं पेटंट तपासायचं काम शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांच्याकडे सोपवलं होतं. त्यांनी अनुकूल मत दिलं आणि ब्रिटनमधलं पहिलं डिझेल इंजिन याच साखरवाल्यांनी बनवलं. ते आता चेशरमधल्या पॉइंटनच्या अॅन्सन संग्रहालयात आहे. विल्यम आणि अँड्र्यूच्या वेगळ्या कंपनीच्या, म्हणजे डब्ल्यू. अँड ए. मॅकोनीच्या हातचं काम जागेवर उभं पाहायचं असेल तर मात्र टोबॅगो गाठावं लागेल. तिथल्या अर्नोस व्हेलच्या रानात त्यांचं 1857 सालचं लोखंडी पाणचाक आहे.